दोन रिंगची पोच

साहेब, तुम्ही आमच्या फोनला खोटं बोलायला शिकवलंत.

आणि वर तीनदा गोल शिक्का मारून लिहून पाठवलंत, लाइन तपासली, दोष आढळला नाही, दोष ग्राहकाच्या यंत्रात असावा. असावा म्हणे. तुमचा माणूस जिन्याखालच्या डबीला हँडसेट लावून टोन ऐकून गेला. तीन मजले चढून वर आला नाही. पण दोष कुठे असावा ते तुम्हाला खुर्चीत बसल्या जागी कळलं. दोष कुठे होता ते आता आमच्याकडून ऐका.

लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर येलव्यांची खोली. दत्ताराम येलवे गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवत होते तेव्हा, म्हणजे अठ्ठ्याहत्तर साली, त्यांनी फोनसाठी अर्ज केला. गिरणीच्या खात्यातली माणसं हसली होती, दत्ताराम, तू काय शेठ आहेस का. मग ब्याऐंशीचा संप आला. गिरणीचं गेट बंद झालं ते त्यांच्यासाठी पुन्हा उघडलं नाही. फोन आला एक्याण्णवला. तेरा वर्षांनी. तोपर्यंत ज्यांना हौसेने फोन करायचा ती निम्मी माणसं बोजा बांधून गावाला गेली होती.

पण फोन आला आणि दत्तारामांना पुन्हा काम मिळालं. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्यांनी लाकडी पेटी ठोकली, पेटीत फोन, शेजारी स्टूल. मजल्यावरच्या वीस खोल्यांनी तो नंबर आपला म्हणून वापरला. शाळेच्या फॉर्मवर, लग्नपत्रिकेवर, इस्पितळाच्या कागदावर, नंबर आणि पुढे 'पी.पी. येलवे'. पी.पी. म्हणजे फोन आमचा नाही, पण निरोप पोचेल. तो पोचवायचं काम दत्तारामांचं. ते गॅलरीत उभे राहून हाक मारत आणि माणूस हातातलं टाकून धावत येई. ज्याला गिरणीने घरी बसवलं त्याला फोनने पुन्हा खात्यात घेतलं, असं बकुळाची आई म्हणायची. आई होती तोवर.

बकुळा त्यांची एकुलती मुलगी. संपाच्या साली ती दहा वर्षांची होती, आता अठ्ठावीसची. टायपिंगच्या दोन परीक्षा पास. कॉम्प्युटर मात्र तिला कुणी शिकवला नाही. फोर्टातलं एक ऑफिस बंद होताना तिने त्यांचं जुनं मशीन उचललं, सोबतचं जाड पुस्तक डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं, आणि जे समजलं नाही ते बटणं दाबून बघितलं. त्या मशीनला तिने मॉडेम जोडला. मॉडेम म्हणजे वहीएवढा काळा डबा, पुढे लाल दिव्यांची ओळ. फोनची वायर त्यात जाते, तो स्वतः नंबर फिरवतो, पलीकडचा डबा उचलतो, दोघं एकमेकांवर किंचाळतात, खरखरतात, आणि ओळख पटली की गप्प होऊन कामाला लागतात.

काम होतं फोर्टच्या एका कंपनीचं. जुने हस्तलिखित कागद, त्यांचे फोटो फोनवरून यायचे, बकुळाने ते टाइप करून फोनवरूनच परत पाठवायचे. कंपनीच्या सुभद्रा मॅडमनी सांगितलं होतं, "पहिला गठ्ठा नऊला टाकणार, दुसरा साडेदहाला. त्या दिवसाचं त्या दिवशी हवं. महिनाभर बघते, मग कायम." घरात बसून, कुणाच्या नजरा न झेलता, स्वतःच्या नावाने कायमचं काम. बकुळाला यापेक्षा जास्त काही नको होतं, आणि यापेक्षा कमीवर ती आता तयार नव्हती.

बाप-लेकीत करार झाला. नऊ ते एक लाइन बकुळाची, एकनंतर चाळीची.

"आणि त्या वेळेत कुणाचा फोन आला तर?" दत्तारामांनी विचारलं.

"एंगेज लागेल, आप्पा. मग करतील परत."

"एंगेज लागेल," आप्पा म्हणाले. त्यांनी पेटीचं झाकण लावलं आणि स्टूल घेऊन खाली जिन्यापाशी जाऊन बसले. रागावले नव्हते. पण त्या दिवसापासून सकाळचे चार तास त्यांच्याकडे हाक मारायला कुणी नव्हतं.

पहिले तीन आठवडे कसेबसे निघाले. लाइन अधूनमधून तुटायची. एक गठ्ठा उतरायला सव्वा तास लागतो आणि मध्ये तुटला की पुन्हा शून्यापासून. एखादा दिवस चुकला, मॅडम गप्प बसल्या. बकुळाने तुम्हाला तक्रार लिहिली, तुम्ही शिक्का पाठवलात. तिने अजून दोनदा लिहिली, तुम्ही अजून दोनदा शिक्का. चौथ्या आठवड्यात मात्र लाइन रोज तुटायला लागली. एकदा तुटली की दर दहा मिनिटांनी तुटायची, तासभर, आणि मग काही झालंच नाही अशी सुरळीत.

बकुळाने मजल्यावरची सगळी दारं वाजवली. "नऊ ते एक फोन करू नका, आणि कुणाला करायला सांगू नका."

"आम्ही कुठे करतो गो?" प्रत्येक दारातून तेच उत्तर. खाली चाळीच्या तोंडाशी मासळीची पाटी घेऊन बसणाऱ्या गुणवंती कोळणीलाही तिने विचारलं. गुणवंती कफ परेडच्या मच्छीमार नगरची, पण तिचं गिऱ्हाईक लालबागचं. ती बारीक कोलीम मासळी मोजता मोजता म्हणाली, "माझा पोरगा म्हादेव फोन करत नाय, बाय. आमी कशाला फोन करू?"

कुणी खोटं बोललं नव्हतं. हे लक्षात ठेवा, साहेब. या सगळ्या प्रकरणात खोटं एकाच ठिकाणाहून आलं.

बकुळा तुटण्याच्या वेळा लिहू लागली. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये, तारखेच्या चौकोनात, पेन्सिलीने. सोमवारी नऊ पाच. मंगळवारी नऊ पंचावन्न. बुधवारी दहा चाळीस. तिला वाटलं होतं, वेळ सापडली की चोर सापडेल. पण वेळ रोज पुढे सरकत होती. रोज वेगळ्या वेळी येणाऱ्या चोराला कुठे गाठायचं?

गुरुवारी साडेअकराला दुसऱ्या गठ्ठ्याची पंधरा मिनिटं उरलेली असताना दिवे विझले. तिने परत फिरवला. दहा मिनिटांनी परत विझले. बाराला तिने स्वतःच मॉडेमची वायर काढून फोनला लावली आणि सुभद्रा मॅडमना फोन केला. खोटी कारणं द्यायची नाहीत असं तिने ठरवलं होतं.

मॅडमनी ऐकून घेतलं. "बकुळा, तुझ्या टायपिंगमध्ये चूक नाही. पण वरचे लोक मला विचारतात. शनिवारी दुपारी दोनपर्यंत या आठवड्याचं सगळं आलं तर बघू. नाही तर शीवला एक बाई आहेत, त्यांच्याकडे दोन लाइनी आहेत."

तिने फोन ठेवला, आणि दारात गुणवंती उभी राहिली. जिना चढून दमलेली, आणि दमलेली गुणवंती म्हणजे दुप्पट आवाज.

"दत्तारामदादा कुठे? त्याला विचारते मी. चार दिस झाले, एक रिंग सांगितली नाय मला."

आप्पा तिच्या मागूनच वर येत होते. "आली असती तर सांगितली नसती का? मी तर खालीच बसतो तुझ्या समोर."

"खाली बसतोस म्हणून तर. आणि घरी गेली की म्हादेव माझ्यावर भडकते. म्हणते, आय, मी बोटं दुखेपर्यंत रिंग दिली, तू आली नाय, पोच आली नाय, शेवटी माल व्यापाऱ्याला घातला. सांग आता, पोरगा खोटा का तू खोटा?"

"कसली रिंग?" बकुळा म्हणाली.

दोघं तिच्याकडे असं बघायला लागली, जणू तिने भाताला काय म्हणतात ते विचारलं. आप्पांनी सांगितलं. होडी किनाऱ्याला लागली की महादेव तिथल्या बूथवरून येलव्यांच्या नंबरवर दोन रिंग देतो आणि कापतो. आप्पा गॅलरीतून ओरडतात, "गुणवंती, दोन." मग ते बूथवर दोन रिंग परत देतात. ती पोच. पोच मिळाली की महादेव माल धरून ठेवतो, आई येईपर्यंत. सात वर्षं असंच चाललं होतं. फोन कुणी उचलत नाही, त्यामुळे मीटर पडत नाही.

"मी तुला विचारलं होतं, गुणवंतीमावशी," बकुळाचा आवाज चढला. "फोन करता का म्हणून विचारलं होतं."

"मग? फोन कुठे करतो? रिंग देतो."

"आणि पोच नाही आली तर?"

"तर परत देते. दहा मिन्टं थांबून परत देते. पोच येईपर्यंत द्यायची, तशी रीत हाय."

दर दहा मिनिटांनी. बकुळाने कॅलेंडरकडे बघितलं. आणि गुणवंतीची नजर तेवढ्यात भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. तिला अक्षरं वाचता येत नव्हती, पण तिथी आणि आकडे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती जवळ गेली, बोट ठेवून बघू लागली, आणि तिचा सगळा राग उतरला.

"अगो बाय माझी," ती हळूच म्हणाली. "हे माझ्यासाठी लिवलंस? एकादशीला नऊ, बारशीला धाला पाच कमी, तेरशीला पावणेअकराच्या आत. बरोबर हाय सगळी. तुला कुणी शिकवली भरती?"

"कसली भरती?"

"दर्याची. रोज पाऊण तास, तास पुढे सरकते ना? भरतीला होडी आत येते. तू काय आमच्यात जन्मली होतीस का गो?"

बकुळा कॅलेंडरकडे बघत राहिली. ज्या चोराला ती शोधत होती त्याला चंद्र बोलावत होता. ती हसायला लागली. मग हसता हसता थांबली, कारण एक गोष्ट जुळत नव्हती.

"आप्पा, मी लाइनवर असताना महादेवला एंगेज लागायला हवा. त्याला रिंग कशी ऐकू येते?"

"जाते म्हणते तो," गुणवंती म्हणाली. "टर्रिंग टर्रिंग, चांगली जाते."

"जाणारच नाही."

"मग माझा पोरगा खोटा?"

बकुळाने आप्पांना कोपऱ्यावरच्या बूथवर पाठवलं. "घरचा नंबर फिरवा. दोन रिंग द्या आणि या." ते गेले. तिने वेळ सांगणारा नंबर फिरवला आणि रिसीव्हर कानाला लावून बसली. बाई वेळ सांगत होती, बारा वाजून वीस मिनिटं, तीस सेकंद. आणि मध्येच बाईच्या आवाजावर कुणीतरी टिचकी मारावी तसं वाजलं. टुक. थोड्या वेळाने परत, टुक. फोनची घंटा गप्प. पेटी गप्प. खोलीत काहीच वाजलं नाही.

आप्पा वर आले. "दिली. दोन. मस्त गेली."

"इथे वाजली नाही, आप्पा."

"अगं, मी या कानाने ऐकली."

"आणि मी या कानाने नाही ऐकली."

साच्यांच्या खडखडाटात पंचवीस वर्षं काढून निम्मा गेलेला तो कान आप्पांनी एकदा चोळला. "म्हणजे तिकडे वाजते आणि इकडे नाही. मग ती वाजते कुठे?"

हा प्रश्न एका साचेवाल्याला पडला, साहेब. तुमच्या एकाही इंजिनियरला नाही.

बकुळाला त्या टिचकीवरून जाड पुस्तकातला एक शब्द आठवला. तिने मशीन लावलं, डायलिंगच्या सेटिंगची खिडकी उघडली. आतापर्यंत ती त्या खिडकीत एवढंच बघत आली होती की टोन की पल्स, आणि नंबर बरोबर आहे का. खाली एक चौकोन होता, रिकामा. कॉल वेटिंग असेल तर ते बंद करायला हा नंबर आधी फिरवा. कॉल वेटिंग म्हणजे तुम्ही बोलत असताना दुसरा फोन आला तर कानात टिचकी वाजते, आणि करणाऱ्याला मात्र साधी रिंग ऐकू येते, जसं काही घरात घंटा वाजते आहे. माणसाला टिचकी कळते. मॉडेमला नाही. मॉडेमला वाटतं पलीकडचा बोलायचा थांबला, आणि तो फोन ठेवून देतो.

ही सोय येलव्यांनी मागितली नव्हती. कुठे सही केली नव्हती. तुमचं नवीन इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झालं त्या दिवशी ती गुपचूप चालू झाली होती. त्याआधी महादेवला एंगेज लागला असता. एंगेज म्हणजे खरं उत्तर, घरात माणूस आहे, लाइन चालू आहे, थोडं थांब. तुम्ही ते खरं उत्तर काढून घेतलंत आणि त्या जागी खोटी रिंग बसवलीत. त्या रिंगपायी आई आणि मुलगा चार दिवस एकमेकांना खोटं ठरवत होते.

त्या चौकोनात तीन नंबर आधीच भरलेले होते, निवडायला. बकुळाने तिन्ही लावून बघितले. तिन्हींना तुमच्या रेकॉर्डवरच्या बाईने मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत सांगितलं, हा नंबर अस्तित्वात नाही. ते नंबर अमेरिकेचे होते. लालबाग त्या खिडकीत कुणी भरलं नव्हतं.

शुक्रवारी पौर्णिमा. आप्पा पांढरा सदरा घालून विहारात गेले आणि बकुळा तुमच्या ऑफिसात आली. काउंटरवरच्या माणसाने तिला आधी दुसऱ्या काउंटरवर पाठवलं, दुसऱ्याने पहिल्यावर.

"कॉल वेटिंग बंद करायचंय? ते तर फ्री आहे, मॅडम."

"फ्री आहे म्हणूनच नको."

"लोक मागून घेतात."

"ज्यांनी मागितलं त्यांना द्या. मी मागितलं नव्हतं. बंद करायचा नंबर कुठला ते सांगा."

"त्यासाठी लेखी अर्ज द्या. पंधरा दिवसांत कळवतो. आणि कॉम्प्युटर जोडलाय ना तुम्ही? मग जबाबदारी तुमची."

पंधरा दिवस. तिच्याकडे एक दिवस होता. ती बाहेर आली तेव्हा फाटकाशी सायकलला शिडी बांधत एक लाइनमन उभा होता. तिने त्याला ओळखलं, जिन्याखालच्या डबीला हँडसेट लावून गेला होता तोच. नाव आनंदा.

"तुम्ही वर का नाही आलात?" तिने सरळ विचारलं.

आनंदा वरमला. "टोन होता ना, ताई. आमच्या कागदावर तेवढाच चौकोन असतो. टोन आहे, टोन नाही."

"मला कॉल वेटिंग बंद करायचंय."

"एवढंच?" त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला आकडे लिहिले. "हा फिरवा, टोन बदलतो, मग हवा तो नंबर फिरवा. तेवढ्या कॉलपुरतं बंद. साहेबांना माहीत नाही, कारण साहेब स्वतः कधी फिरवत नाहीत." मग पाकीट तिच्या हातात देत म्हणाला, "तुमचे वडील येलवे काका ना? माझ्या मामाचा नंबर होता तो. पी.पी."

बकुळा धावत घरी आली. आकडे चौकोनात भरले, त्यामागे कंपनीचा नंबर. मॉडेमने फिरवला. तुमची बाई बोलली, हा नंबर अस्तित्वात नाही. तिने आकडे तपासले. बरोबर होते. परत. परत तेच. हाताने फोनवर फिरवला तर टोन बदलत होता, मॉडेमने फिरवला की नाही. बारा वाजून गेले होते. थोड्याच वेळात भरती लागणार होती, पेटी बंद होती, आणि ती टेबलावर मुठी ठेवून बसली होती.

आप्पा विहारातून आले. त्यांनी मागे उभं राहून दोन वेळा ऐकलं. ती टरटर आकड्यांची फैर.

"घाई करतोय तो," आप्पा म्हणाले.

"कोण?"

"तुझा डबा. सगळे आकडे एका दमात टाकतो. आम्ही रिंग दिली की थांबतो. समोरच्याने ऐकायला पाहिजे, मग पोच द्यायला पाहिजे. त्याला वेळ नको का?"

बकुळाने वळून त्यांच्याकडे बघितलं. मग मॉडेमसोबत आलेलं चतकोर माहितीपत्रक शोधून काढलं. महिन्याभरापूर्वी तिने ते वाचलं होतं आणि एका ओळीवर हसली होती. नंबरात स्वल्पविराम घातला तर डबा दोन सेकंद थांबतो. नंबरात कुणी स्वल्पविराम घालतं का, असं तिला वाटलं होतं. आता तिने आनंदाचे आकडे लिहिले, पुढे स्वल्पविराम, एक पुरेल की नाही म्हणून अजून एक, आणि मग कंपनीचा नंबर.

डब्याने तीन आकडे फिरवले. थांबला. एक, दोन, तीन, चार. टोन बदलला. मग उरलेला नंबर. किंचाळणं, खरखर, आणि शांतता.

दिवे पेटले. सव्वाबारा वाजले, भरती आली, महादेवने रिंग दिली असणार. दिवे पेटलेलेच राहिले.

आप्पा पेटीवर हात ठेवून उभे होते. "आता त्याला एंगेज लागला असेल."

"हो."

"खरा एंगेज."

"खरा, आप्पा."

त्यांनी गॅलरीत जाऊन खाली हाक मारली. "गुणवंती, आज घरी गेलीस की म्हादेवला सांग. एंगेज लागला तर समजायचं लाइनवर काम चालू आहे. व्यापाऱ्याला घालू नको. दहा मिनिटांनी परत दे." गुणवंतीने खालून काहीतरी उत्तर दिलं, ते सबंध गल्लीने ऐकलं आणि सबंध गल्ली हसली. आप्पाही हसले. किती दिवसांनी त्यांनी गॅलरीतून हाक मारली होती.

त्या दुपारी चाळीने आपली लाइन बकुळाला सोडली. आप्पा दाराशी स्टूल टाकून बसले आणि येईल त्याला सांगू लागले, "आज नाही. उद्या दोननंतर." राहिलेले सगळे गठ्ठे एकामागून एक उतरले. शुक्रवारचा उरलेला दिवस आणि शनिवारची सकाळ ती टाइप करत होती. शनिवारी बारा चाळीसला शेवटचं पान संपलं आणि सगळं मिळून तिने पाठवायला घेतलं. पडद्यावर निळी पट्टी सरकू लागली. पंचवीस मिनिटं, असं मशीन म्हणालं.

प्रतिपदेची भरती एकला. गुणवंती वर येऊन उंबऱ्यात बसली होती, पाटी बाहेर ठेवून. तिला पहिल्यांदा बघायचं होतं की तिच्या पोराचं भांडण कशाशी होतं.

"एवढासा डबा," ती म्हणाली. "आणि याच्यासाठी माझी सुरमई गेली."

"मावशी, एक वाजला."

कफ परेडच्या किनाऱ्यावर महादेव आता बूथमध्ये उभा असेल, रिसीव्हर कानाला. पट्टी सरकत होती. दिवे लुकलुकत होते, विझले नाहीत. एक वाजून दोन. एक वाजून चार. एक वाजून सहा मिनिटांनी पट्टी भरली. मॉडेमने फोन ठेवला तेव्हा खट् असा बारीक आवाज झाला.

बकुळाने वायर काढून फोनला लावली. आप्पांनी पेटीचं झाकण उघडलं. गुणवंती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

एक वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. एकदा. दुसऱ्यांदा. थांबला.

"गुणवंती, दोन," आप्पा म्हणाले. ती त्यांच्यापासून दोन हातांवर बसली होती तरी त्यांनी ते गॅलरीतल्या आवाजात म्हटलं.

"ऐकलं रे बाबा, बहिरी नाय मी." ती उठलीसुद्धा. "पोच दे त्याला. थांबू नको." आणि पाटी डोक्यावर घेऊन जिना उतरू लागली.

आप्पांनी बूथचा नंबर फिरवला, दोन रिंग दिल्या, ठेवला. मग स्टूल सरकवलं. "जा, आता तुझी बघ."

बकुळाने परत लाइन लावली. तीन आकडे, दोन स्वल्पविराम, नंबर. दीड वाजता सुभद्रा मॅडमची मेल आली. दोनच ओळी होत्या. सगळं पोचलं. सोमवारी नऊला पुढचा गठ्ठा टाकते, आणि कायमच्या कागदावर सही करायला बुधवारी ये.

तिने ती तीनदा वाचली आणि मग आप्पांना वाचून दाखवली.

"म्हणजे पोच आली," आप्पा म्हणाले.

"आली."

रविवारी सकाळी आप्पांनी कॅलेंडर उतरवून मांडीवर घेतलं आणि पुढच्या महिन्याच्या चौकोनांत भरतीच्या वेळा लिहायला बसले. गुणवंतीने घातलेल्या हिशोबाने. भरतीनंतरची पंधरा मिनिटं महादेवची, त्या वेळेत बकुळाने लाइनला हात लावायचा नाही, बाकी एकपर्यंत तिची. त्यांनी वर मथळासुद्धा दिला, 'लाइन पाळी'. गिरणीत असायची तशी.

बकुळा तुम्हाला पत्र टाइप करत होती.

"सविनय लिही आधी," आप्पा मान वर न करता म्हणाले.

"सविनय कशाला?"

"अर्जाला लागतं."

"हा अर्ज नाही, आप्पा."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "बरं. पण पोच माग. पोच मागितल्याशिवाय ठेवू नको."

तिने जे लिहिलं ते असं.

साहेब, तुमची तीन पत्रं मिळाली. ही त्यांची पोच. तुम्ही लिहिलंत दोष आमच्या यंत्रात असावा. आमच्या यंत्रात दोष नव्हता. आमच्या लाइनवर तुम्ही न विचारता एक सोय चालू केली, ती बंद करायचा नंबर तुमच्या काउंटरला माहीत नव्हता, आणि जो माणूस शिडी घेऊन उन्हात फिरतो त्याला माहीत होता. शहरात अजून किती जणांना ही खोटी रिंग ऐकू येते, किती निरोप वाजले आणि पोचले नाहीत, हे तुम्ही मोजलंत का? तुमचं उत्तर टपालाने पाठवा किंवा फोन करा. नंबर पी.पी. आहे, पण निरोप पोचतो. नऊ ते एक एंगेज लागेल. तो खरा असेल. लागला तर दहा मिनिटांनी परत करा, आम्ही उचलू. शिक्का नको आहे. एवढंच सांगा, ही सोय आम्ही मागितली नव्हती, तर ती कुणाच्या सहीने चालू झाली?